ओबामाच्या १८० वर्षं आधी

खेचरांचे तांडे हाकणारा एक पोरगा मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने गुलामगिरी संपवली. देशाने त्याचं नाव एका अख्ख्या राज्याला दिलं, पण त्याची मुळं मात्र सोयीस्करपणे विसरून टाकली. विसेन्ते गेरेरो या माणसाची ही गोष्ट.

क्विझमध्ये हमखास येणारा प्रश्न. अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष कोण? बराक ओबामा, २००९. हे सगळ्यांना येतं. आता पुढचा प्रश्न. अमेरिकेला अगदी खेटून असलेल्या मेक्सिकोत आफ्रिकी वंशाचा माणूस राष्ट्राध्यक्ष कधी झाला? इथे भल्याभल्यांची विकेट जाते. उत्तर आहे १८२९. म्हणजे ओबामाच्या तब्बल १८० वर्षं आधी!

आपल्याला हे माहीत नसणं समजू शकतं. पण गंमत म्हणजे खुद्द मेक्सिकोतही अनेकांना ते माहीत नसतं. मेक्सिको म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्ठी हॅट, टाको, फ्रिदा काहलोच्या जुळलेल्या भुवया आणि फार तर ‘कोको’ सिनेमा. या चित्रात काळा माणूस कुठेच नसतो. प्रत्यक्षात स्पॅनिश राजवटीत साधारण दोन लाख आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून तिथे आणलं गेलं. कुणी चांदीच्या खाणीत राबलं, कुणी उसाच्या मळ्यात, कुणी शहरातल्या श्रीमंतांच्या घरात. स्वातंत्र्याची लढाई सुरू झाली तेव्हा, १८१० च्या सुमारास, तिथल्या दर दहा माणसांमागे साधारण एकाची मुळं आफ्रिकेत होती. मग ही माणसं गेली कुठे? गेरेरोच्या गोष्टीत या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडतं.

घाटवाटांवरचं शिक्षण

ऑगस्ट १७८२. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातलं तिश्त्ला हे गाव. पेद्रो गेरेरो आणि ग्वादालुपे सालदान्या यांच्या घरी विसेन्तेचा जन्म झाला. घराण्यात आफ्रिकी, मूलनिवासी आणि स्पॅनिश असं तिन्ही रक्त मिसळलेलं. त्या काळी अशा प्रत्येक मिश्रणाला वेगळं नाव होतं. कोणाच्या आई-वडिलांचा रंग कोणता, यावरून चर्चच्या दप्तरात मुलाची जात लिहिली जायची. अंगात आफ्रिकी रक्ताचा अंश असेल तर मोठी सरकारी पदं, विद्यापीठं, पाद्रीपद यांची दारं जवळपास बंदच. वर डोक्यावर वेगळा कर.

असं सगळं असताना माणसाने करायचं काय? त्या भागातल्या बऱ्याच जणांनी केलं तेच. गेरेरोच्या घरचे लोक खेचरांवरून माल वाहायचे, विसेन्तेही तेच करू लागला. बंदुका दुरुस्त करायचं कामही तो शिकला. अकापुल्को बंदरात मनिलाहून गलबतं यायची. रेशीम, मसाले, चिनी मातीची भांडी, अगदी हिंदुस्थानातलं सुती कापडसुद्धा त्यातून उतरायचं. तो माल डोंगर ओलांडून राजधानीत न्यायचा तर खेचरांशिवाय पर्याय नव्हता.

शाळेत तो फारसा गेला नाही, पण या वाटांनी त्याला खूप काही शिकवलं. कुठला घाट पावसात बंद पडतो, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असतं, कुठल्या गावात रात्री आसरा मिळतो, हे सगळं पाठ. मुख्य म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी गप्पा चालायच्या. कर वाढले, कुणाला फटके बसले, कुठे दंगा झाला, या बातम्या खेचरवाल्यांसोबतच गावोगाव पोहोचायच्या. आपलं नेटवर्क मोबाइलमध्ये असतं, त्याचं या वाटांवर होतं. पुढे ते त्याच्या फार कामी आलं.

बाप की देश?

१६ सप्टेंबर १८१० ला मिगेल इदाल्गो या पाद्रीने स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंडाची हाक दिली. वर्षभरातच तो पकडला गेला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पण दक्षिणेत होसे मारिया मोरेलोस नावाच्या दुसऱ्या पाद्रीने लढाई पुढे नेली. मोरेलोसही तरुणपणी खेचरं हाकलेला आणि त्याच्याही घराण्यात आफ्रिकी मुळं असल्याचं मानलं जातं. १८१० च्या अखेरीस २८ वर्षांचा गेरेरो त्याच्या फौजेत दाखल झाला.

मोरेलोस फक्त स्पेनला हाकला एवढंच म्हणत नव्हता. गुलामगिरी बंद करा, जातींचे भेद मोडा, अशी त्याची मागणी होती आणि १८१३ मध्ये त्याने ती लेखी मांडली. ज्याचं भविष्य जन्माआधीच दप्तरात लिहून ठेवलेलं होतं, अशा तरुणाला या लढाईत आपलं काहीतरी दिसलं असेल, तर त्यात नवल नाही.

डिसेंबर १८१५ मध्ये मोरेलोसलाही गोळ्या घालण्यात आल्या. चळवळ विस्कटली. एकेक सेनापती माफी घेऊन घरी बसू लागला. गेरेरो मात्र मोजक्या माणसांनिशी डोंगरात शिरला आणि गनिमी काव्याने लढत राहिला. व्हाइसरॉय आपोदाकाला कळून चुकलं की हा माणूस बंदुकीने वाकणार नाही. मग त्याने वेगळा डाव टाकला. गेरेरोच्या वडिलांनाच त्याच्याकडे पाठवलं.

पेद्रो गेरेरो राजाच्या बाजूचे होते. लेकासाठी ते माफीची ऑफर घेऊन आले. शस्त्र खाली ठेव, मानाने जग, अशी त्यांनी विनवणी केली. म्हाताऱ्या बापाने पोरापुढे हात जोडावेत, याहून मोठं इमोशनल ब्लॅकमेल कुठलं असेल? सांगतात ते असं, की गेरेरोने आपल्या सोबत्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर वडिलांचा मान राखत नकार दिला. बापाचा शब्द आपल्यासाठी कायम पवित्र आहे, पण देश त्याच्याही आधी येतो, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. पुढे त्याच्या राज्याचं ब्रीदवाक्य याच उत्तरातून आलं.

शत्रूशी हातमिळवणी

१८२० मध्ये स्पेनमध्ये उलथापालथ झाली आणि तिथलं १८१२ चं उदारमतवादी संविधान परत लागू झालं. वरवर पाहता बातमी चांगली होती. पण त्या संविधानात एक मेख होती. आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात सरसकट नागरिकत्व नव्हतं. म्हणजे मूलनिवासी नागरिक, गोरे नागरिक आणि गेरेरोसारखे लोक दाराबाहेर.

त्याच वर्षाच्या शेवटी आगुस्तिन दे इतुर्बिदे या अधिकाऱ्याला गेरेरोचा बंदोबस्त करायला पाठवलं गेलं. हा इतुर्बिदे श्रीमंत, गोरा, कट्टर आणि बंडखोरांना अनेक वर्षं चिरडत आलेला. पण दक्षिणेच्या डोंगरांत त्याची डाळ शिजेना. शिवाय स्पेनमधल्या नव्या हवेमुळे मेक्सिकोतल्या श्रीमंतांनाही स्पेनपासून वेगळं व्हावंसं वाटू लागलं होतं. दोघांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. फेब्रुवारी १८२१ मध्ये आकातेंपान इथे दोघांनी गळाभेट घेतली, असं मेक्सिकोतल्या मुलांना शाळेत शिकवतात. ती भेट खरंच तशी झाली का, यावर इतिहासकारांमध्ये वाद आहे. समझोता मात्र नक्की झाला.

२४ फेब्रुवारी १८२१ च्या इग्वाला योजनेत स्वातंत्र्य, धर्म आणि एकजूट या तीन हमी होत्या. पण गेरेरोच्या दृष्टीने खरा मुद्दा होता १२ व्या कलमाचा. युरोपीय असो, आफ्रिकी असो की मूलनिवासी, देशात राहणारा प्रत्येक जण नागरिक आणि लायकीनुसार कुठल्याही पदाला पात्र, अशा अर्थाचं ते कलम. हे गेरेरोच्या बाजूच्या दबावामुळे आलं, असं काही इतिहासकार मानतात. ज्याने आपल्या साथीदारांना मारलं त्याच्याशी हात मिळवायचा, बदल्यात आपल्या माणसांना नागरिकत्व मिळवायचं. सौदा कडू होता. गेरेरोने तो केला आणि सैन्याचं नेतृत्वही इतुर्बिदेकडे जाऊ दिलं.

सप्टेंबरमध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी इतुर्बिदे सम्राट होऊन बसला! गेरेरो पुन्हा बंडात उतरला. जानेवारी १८२३ मध्ये आल्मोलोंगाच्या लढाईत गोळी त्याच्या छातीत घुसली आणि फुप्फुसाला इजा झाली. तो मेला असंच अनेकांना वाटलं. तो वाचला, पण ते दुखणं आयुष्यभर राहिलं. इतुर्बिदेचं साम्राज्य मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये कोसळलं.

राजवाड्यात खेचरवाला

आता येतो गोष्टीतला अवघड भाग. १८२८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. मतदान राज्यांच्या विधिमंडळांचं होतं. लोकांमध्ये गेरेरो प्रचंड लोकप्रिय, पण मतं मोजली तर जिंकले मानुएल गोमेस पेद्रासा. गेरेरोच्या समर्थकांनी निकाल मानला नाही. सैन्याचा एक गट उठला, डिसेंबरमध्ये राजधानीतली पारियान ही श्रीमंतांची बाजारपेठ लुटली गेली. गोमेस पेद्रासा पळाले आणि संसदेने गेरेरोला राष्ट्राध्यक्ष घोषित केलं. १ एप्रिल १८२९ ला त्याने पद स्वीकारलं.

हिरोच्या गोष्टीत हे नको वाटतं, पण ते घडलंय. समतेसाठी आयुष्य घालवलेला माणूस सत्तेवर आला तो हरलेली निवडणूक उलटवून. त्याच्या विरोधकांना हे आयतंच कोलीत मिळालं. पण त्यांचा राग फक्त निवडणुकीवरून होता, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. याला नीट बोलता येत नाही, हा अडाणी, हा काळा, अशी कुजबुज उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यांत आधीपासून चालू होती. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रोलिंग. खेचरवाला राजवाड्यात बसतो म्हणजे काय, हे त्यांना पचतच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात स्पेनने तांपिकोला सैन्य उतरवलं. संसदेने राष्ट्राध्यक्षाला विशेष अधिकार दिले. सप्टेंबरमध्ये स्पॅनिश फौज शरण आली आणि गेरेरोने ते विशेष अधिकार एका वेगळ्याच कामासाठी वापरले. १५ सप्टेंबर १८२९ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्धापन दिनाच्या आदल्या दिवशी, त्याने फर्मान काढून मेक्सिकोत गुलामगिरी रद्द केली. मालकांना नुकसानभरपाई तिजोरीत पैसे असतील तेव्हा मिळेल, असंही त्यात होतं.

या तारखेचं महत्त्व कळायला जरा आजूबाजूला बघू. ब्रिटिश साम्राज्याचा गुलामगिरीविरोधी कायदा १८३३ चा. भारतात कंपनी सरकारने तसा कायदा केला १८४३ मध्ये. अमेरिकेत तर १८६५ पर्यंत वाट पाहावी लागली, तीही यादवी युद्धात लाखो माणसं मेल्यावर.

तोवर मेक्सिकोच्या बहुतेक भागात फारच थोडे गुलाम उरले होते. खरा फटका बसणार होता टेक्सासला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता आणि अमेरिकेतून आलेले गोरे तिथे गुलामांच्या जिवावर कापूस पिकवत होते. त्यांनी एवढा आरडाओरडा केला की डिसेंबरमध्ये टेक्सासला फर्मानातून वगळावं लागलं. १८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून फुटला, त्यामागच्या कारणांत गुलामगिरी हे एक मोठं कारण होतं. पण एक गोष्ट कुणाला थांबवता आली नाही. पुढच्या काही दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेतले हजारो गुलाम सीमा ओलांडून मेक्सिकोत पळून आले. आज त्या सीमेवर लोक उलट्या दिशेने धावतात. तेव्हा स्वातंत्र्य नदीच्या दक्षिणेला होतं.

जेवणाचं आमंत्रण

सत्ता टिकली जेमतेम साडेआठ महिने. डिसेंबर १८२९ मध्ये गेरेरोच्याच उपराष्ट्राध्यक्षाने, आनास्तासिओ बुस्तामान्तेने बंड केलं. गेरेरो परत आपल्या डोंगरांत गेला. संसदेने त्याला राज्य करायला असमर्थ ठरवलं. लढाई वर्षभर चालली आणि पुन्हा एकदा सरकारला कळलं की हा माणूस त्या डोंगरांत हाती लागणार नाही. यावेळी त्यांनी बापाला पाठवलं नाही, मित्राला विकत घेतलं.

फ्रान्सिस्को पिकालुगा हा जिनोआचा जहाजमालक. गेरेरोशी त्याची ओळख होती. जानेवारी १८३१ मध्ये त्याने गेरेरोला अकापुल्को बंदरात आपल्या ‘कोलोंबो’ जहाजावर जेवायला बोलावलं. जेवण झालं आणि जहाजाने नांगर उचलला. गेरेरो कैदी झाला होता. या जेवणाची किंमत ठरली होती ५० हजार पेसो. वातुल्कोच्या ज्या किनाऱ्यावर त्याला सरकारी सैनिकांच्या ताब्यात दिलं, त्या किनाऱ्याचं नावच आज ‘ला एंत्रेगा’ आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ हवाली करणं. पर्यटक तिथे आता पोहायला जातात.

ओआहाकामध्ये घाईघाईने लष्करी खटला चालला. १४ फेब्रुवारी १८३१ ला क्विलापान गावात, एका जुन्या मठाच्या आवारात गेरेरोला गोळ्या घातल्या. तो ४८ वर्षांचा होता. याआधी गोमेस पेद्रासासारखे पदावरून हटलेले नेते परदेशात जाऊ शकले होते. गेरेरोला तो पर्याय दिला गेला नाही. यात त्याच्या रंगाचा आणि वर्गाचा वाटा होता, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

नाव राहिलं, मुळं गेली

दोनच वर्षांत वारं फिरलं आणि संसदेने गेरेरोचा गौरव केला. १८४९ मध्ये त्याच्या जन्मभूमीचं नवं राज्य झालं, त्याला नाव दिलं गेरेरो. आज मेक्सिको सिटीतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या उंच स्तंभाखाली त्याच्या अस्थी आहेत. एवढा मान मिळाला, मग विसरलं काय?

इथे एक विचित्र गोष्ट घडली. स्वातंत्र्यानंतर, १८२२ मध्येच, सरकारी कागदपत्रांत माणसाची जात लिहायला बंदी आली. हेतू उदात्त होता. ज्या दप्तराने गेरेरोसारख्यांचे पाय बांधले, ते दप्तरच बंद करायचं. पण त्याने दोन गोष्टी झाल्या. कायद्यातला भेद गेला, हे खरं. मात्र मोजणीच थांबल्याने काळे मेक्सिकन कागदावरूनही गेले. पुढे मेक्सिकन म्हणजे स्पॅनिश आणि मूलनिवासी यांचं मिश्रण, अशी राष्ट्राची नवी व्याख्या तयार झाली. तिसरं मूळ त्यातून गळालं. गेरेरोची बहुतेक प्रसिद्ध चित्रं त्याच्या मृत्यूनंतरची आहेत. पाहणारा त्यात एक देशभक्त सेनापती पाहतो. त्याचे कुरळे केस आणि सावळा चेहरा काही सांगतोय, हे लक्षात येईलच असं नाही.

या विस्मरणाला पहिला छेद दिला तो त्याच्याच नातवाने. गेरेरोची मुलगी दोलोरेस, तिचा मुलगा विसेन्ते रिवा पालासिओ. हा सेनापती होता आणि लेखकही. इन्क्विझिशनची जुनी दप्तरं चाळताना त्याला यांगाची हकीकत सापडली. यांगा म्हणजे गुलामीतून पळून वेराक्रुसच्या डोंगरात वस्ती करणारा आफ्रिकी म्होरक्या. १६०९ मध्ये स्पॅनिश फौज चालून आली तरी तो बधला नाही आणि शेवटी सरकारला त्याच्या लोकांचं स्वतंत्र गाव मान्य करावं लागलं. नातवाने १८७० मध्ये ही कथा छापली. १९३२ मध्ये त्या गावाचं नाव यांगा झालं. आजोबाने ज्यासाठी जीव दिला, त्याची मुळं नातवाने शोधली. भारीच ना!

पडद्यावर आणि पारावर

सिनेमाने मात्र बराच काळ विस्मरणालाच हातभार लावला. १९४८ चा ‘आंखेलितोस नेग्रोस’ हा तिकडचा सुपरहिट सिनेमा. हिरो होता लाडका स्टार पेद्रो इन्फान्ते. गोऱ्या, वर्णद्वेषी नायिकेला सावळी मुलगी होते आणि आपली काळी दाईच आपली आई आहे हे तिला उशिरा कळतं, अशी कथा. विषय धाडसी, पण त्या छोट्या मुलीच्या भूमिकेत चेहऱ्याला काळा रंग फासलेली मुलगी होती. ज्या देशात काळी माणसं होती, तिथे पडद्यावर त्यांच्यासाठी रंगाची डबी उघडली गेली.

बदल सुरू झाला गावांतून. गेरेरो आणि ओआहाका राज्यांच्या किनारपट्टीला कोस्ता चिका म्हणतात. तिथली कित्येक गावं आफ्रिकी वंशाच्या लोकांची. १९९७ मध्ये तिथल्या एल सिरुएलो गावात त्रिनिदादहून आलेले पाद्री ग्लिन जेमॉट यांच्या पुढाकाराने काळ्या गावांची पहिली परिषद भरली. मग ती दरवर्षी भरू लागली. आपण स्वतःला काय म्हणायचं? मोरेनो, नेग्रो की आफ्रोमेक्सिकन? सैतानांचा नाच आपण का नाचतो? आपल्याच देशात पोलिस आपल्याला परदेशी समजून राष्ट्रगीत म्हणून दाखवायला का लावतात? जनगणनेत आपला रकाना का नाही? अशा प्रश्नांवर तिथे मोकळेपणाने बोलणं सुरू झालं.

कॅमेरेही वळले. २०११ मध्ये अमेरिकी अभ्यासक हेन्री लुइस गेट्स यांनी लॅटिन अमेरिकेतल्या काळ्या समाजांवर माहितीपट मालिका केली, त्यात मेक्सिकोही होता आणि गेरेरोही. २०१८ मध्ये होर्हे पेरेस सोलानो यांचा ‘ला नेग्रादा’ आला. कोस्ता चिकातल्या साध्या माणसांनीच त्यात कामं केली. काळा रंग फासायची गरज उरली नाही. तरी सिनेमाच्या हिणकस नावावरून आणि त्यातल्या चित्रणावरून वाद झालेच. हे चांगलंच लक्षण. कारण आता वाद घालायला ती माणसं स्वतः हजर होती.

२०१९ मध्ये मेक्सिकोच्या संविधानात आफ्रोमेक्सिकन समाजाची नोंद झाली. २०२० च्या जनगणनेत पहिल्यांदा प्रत्येकाला विचारलं गेलं की तुम्ही स्वतःला आफ्रोमेक्सिकन मानता का. सुमारे २५ लाख ७६ हजार लोकांनी हो म्हटलं, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्के. ज्या नोंदीने एकेकाळी माणसाला खाली दाबलं, तीच नोंद आता हक्क म्हणून मागून घ्यावी लागली. रंग विचारायचं थांबवलं म्हणून भेदभाव थांबत नाही, हे समजायला त्या देशाला दोन शतकं लागली.

आणि हो, या जनगणनेत आफ्रोमेक्सिकन लोकांचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठल्या राज्यात निघालं असेल? गेरेरोमध्ये.